घाट लागला गं!

अगं मुक्ता, जरा अशी जवळ ये. पाच आठवडे झाले तुझ्या आजोबांना जाऊन. पेपरात द्यायच्या बातमीत तू लिहिलंस काय, तर 'रेल्वेत नोकरीला होते'. नुसतं रेल्वेत? घाटात होते म्हण की! त्या एका शब्दापायी तुझी आजी लोणावळ्याला यायची राहिलीच असती.

मी आंदर मावळातली. हे मला बघायला आले तेव्हा वडिलांनी विचारलं, "काय करता?" हे ऐटीत म्हणाले, "आठवड्यातले सहा दिवस घाटात असतो." झालं! आमच्याकडं घाट म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतीचा. वडील आत येऊन आईला म्हणाले, "गाड्यांच्या नादाचा हाय. लेक द्यायची न्हाई." आणि मला तर मुलगा आवडला होता... चहा द्यायच्या निमित्तानं धीर करून मीच विचारलं, "बैल किती हायेत तुमचं?" हे गोंधळले. "बैल? अहो, इंजिनं आहेत! कर्जतहून गाडी घाट चढते ना, तिला मागून ढकलणारी." वडील इतके हसले, की बशीतला चहा धोतरावर सांडला.

मग जन्मभर तोच खेळ. मी धुण्याची बादली उचलून "घाटावर जाऊन येते" म्हटलं, की हे विचारायचे, "कुठल्या? इंद्रायणीच्या का बैलांच्या?" बाजारातून तांब्या आणला, तर तो उंच धरून, "घाट बघ काय सुरेख आहे!" मी म्हणायची, "भांड्यातसुद्धा घाट? एक दिवस सुट्टी घ्या की."

शेवटच्या दिवशीही आम्ही भाजी घेऊन आलो, तर जिन्याच्या सहाव्या पायरीवर हे नेहमीसारखे थांबले. "घाट लागला गं, मागून इंजिन लाव." मी पाठीवर हात ठेवला. वर पोचल्यावर म्हणाले, "गाडी वेळेत." दुपारी जेवून झोपले, ते... उठलेच नाहीत.

आणि आता तू न् तुझ्या बाबानं मला पुण्याला न्यायचा घाट घातलाय. आजीला जिना झेपत नाही म्हणे. झेपतो की! सहाव्या पायरीवर थांबते, "घाट लागला" म्हणते, माझं मलाच हसू येतं... पाठीवर हात नसतो, एवढंच. तेवढ्यासाठी घर कशाला सोडू? तूच येत जा, या रविवारीच परत ये. फक्त पुढं पळू नकोस हं. माझ्या मागून चढ.