मासळीच्या बर्फावर संघनिवड

“रिंक बर्फाचीच हवी. निवड बर्फावर झाली असं परदेशात लिहून द्यावं लागतं,” स्केटिंग फेडरेशनचे सेक्रेटरी मला बजावत होते. मी रत्नागिरी बंदराजवळच्या बर्फ कारखान्यात रेफ्रिजरेशन इंजिनीअर. आमचा बर्फ बांगड्यासाठी. तो देशाच्या कामी येईल असं मालकांनाही कधी वाटलं नव्हतं.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुलं चाकांचे स्केट्स घालून शाळेच्या हॉलमध्ये शिकायची. परदेशातल्या फिगर स्केटिंग स्पर्धेचं बोलावणं मात्र बर्फावरचं होतं. सेक्रेटरी मूळचे आमच्याच जिल्ह्यातल्या वेळणेश्वरचे. देवदर्शन आणि राष्ट्रीय निवड त्यांना एकाच खेपेत उरकायची होती.

बर्फाच्या लाद्या आम्ही ब्राइनमध्ये, म्हणजे न गोठणाऱ्या थंडगार खारट पाण्यात, डबे बुडवून करायचो. त्या लाद्या मी कोल्ड रूममध्ये शेजारी शेजारी मांडल्या आणि फटींत पाणी ओतून गोठवलं. झाली रिंक. वास तेवढा मासळीचा होता.

उमेदवार दोन. सेक्रेटरींचा मुंबईचा भाचा आणि आमच्या फोरमनची मुलगी सुमन कांबळे. तिने वर्षभर या दिवसाचा ध्यास घेतला होता. फेडरेशनकडे बर्फावरचे बूट एकच जोड, तेही भाच्याच्या मापाचे. सुमनने पुढे वर्तमानपत्र कोंबून ते घातले.

परीक्षा सोपी. एका पायावर इंग्रजी आठचा आकडा काढायचा. पात्याची रेघ बर्फावर उमटते, परीक्षक ती बघतात. भाच्याने जिलबी काढली, मग बसकण मारली आणि आपण स्पर्धेला जाणार नाही म्हणून सांगितलं. सुमनचा आठ अगदी गोल उतरला.

सेक्रेटरींनी तिची पाठ थोपटली. मग म्हणाले, मुलींच्या गटात आपण नावच दिलेलं नाही. मॅनेजर म्हणून ते स्वतः आणि कोच म्हणून त्यांचे मेव्हणे, एवढी निवड आधीच झालेली होती.

सुमनने शांतपणे विचारलं, “सर, मग तिथं खेळणार कोन?”

“यंदा आपण निरीक्षण करणार आहोत,” सेक्रेटरी म्हणाले.

सेक्रेटरी आणि मेव्हणे दोघे परदेशी गेले. उद्घाटनाला ब्लेझर घालून, झेंडा घेऊन चालले. फोटो मी पाहिलाय. संताप अजून जात नाही. बर्फ आम्ही निवडीच्याच दिवशी दुपारी फोडून होड्यांना दिला होता. सुमनने स्वतःच्या हाताने आपला आठ फोडला, बापाला मदत म्हणून.

एवढं मात्र कळलं की संघात खेळाडू सगळ्यांत शेवटी निवडतात, आणि तोवर जागा भरलेल्या असतात.