लॅपटॉपचं कपाळ

आमच्या कंपनीला जागा नाही, हेच तिचं वैशिष्ट्य, असं मी वेबसाइटवर लिहिलं होतं. वडिलांनी ते चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "मग नारळ कुठं फोडायचा?"

कंपनी म्हणजे आम्ही दोघी. मी परभणीत घरच्या मधल्या खोलीत, आणि कॉलेजातली मैत्रीण बोरी या तिच्या गावी घराच्या गच्चीवर, कारण रेंज तिथंच येते. लोकांच्या ॲपचं रूप आखून द्यायचं, हे काम. बोलायचं तिनं, आखायचं मी. माझ्या शाळेत मराठी बोललं की दंड होता. खबरदारी म्हणून मी बोलणंच कमी केलं आणि ती सवय पुढं दोन्ही भाषांत टिकली. मैत्रीण मराठी शाळेतली. इंग्रजी चुकलं तरी ती थांबत नाही.

ब्रँडिंग माझ्याकडे होतं. परभणीचं नाव दिसलं तर परदेशी गिऱ्हाईक पळेल, अशी माझी खात्री होती. परभणी कुठं आहे हेच त्याला ठाऊक नसणार, हे काही सुचलं नाही. म्हणून कंपनी कुठल्याच गावची वाटू नये असं सगळं पांढरं केलं, वर फिकट राखाडी अक्षरं. मैत्रिणीनं बघून निकाल दिला, "लय पांढरं दिसायलंय, बाई. दवाखान्यात आल्यावानी."

पहिल्या गिऱ्हाइकाचा कॉल एका संध्याकाळी ठरला. हे काम हुकलं तर मैत्रिणीला बी.एड.ला घालायचं, असं तिच्या घरी पक्कं झालं होतं.

वडिलांनी पूजेचा मुहूर्त नेमका कॉलच्या थोडा आधीचा काढला. लॅपटॉप पाटावर बसला, त्याला हार घातला, नारळ अंगणात फुटला. आईनं कुंकू ओलं केलं आणि बोट उचलून थबकली. "याचं कपाळ कुठंय?"

मी मनात इंग्रजी वाक्यांची उजळणी करत होते. न बघताच म्हणाले, "वर, मधोमध."

कॅमेरा तिथंच असतो.

कॉल सुरू झाला तेव्हा मैत्रीण तिच्या चौकोनात नीट दिसत होती. माझ्या चौकोनात नुसता लाल धूर. ओढणीनं पुसायला गेले तर कुंकू आणखी पसरलं. तेवढ्यात बोरीची रेंज गेली, रेंजबरोबर मैत्रीणही. पलीकडच्या गृहस्थांनी नम्रपणे विचारलं, कुणी आहे का.

गप्प राहिले असते तर ती बी.एड.ला गेली असती. शिवाय मला कुणी बघत नव्हतं. मी बोलायला लागले. बटण खाली का ठेवायचं, रंग फिके का, म्हाताऱ्या माणसाचं बोट पडद्यावर कुठं अडखळतं, सगळं सांगितलं. मधेच मैत्रीण परत जोडली गेली. माइक बंदच ठेवून तिनं मेसेज टाकला: "ते पुसू नको. बोलत राहा."

काम मिळालं. चेहरा न दाखवता फक्त कामाविषयी बोलायची आमची पद्धत फार आवडली, असं त्या गृहस्थांनी कळवलं. मैत्रिणीनं बी.एड.चा विषय घरी बंद केला आणि ती पद्धत त्याच दिवशी वेबसाइटवर चढवली, तिला न आवडणाऱ्या राखाडी अक्षरांत.

आता खंडेनवमीला आई काही विचारत नाही. तिचं बोट थेट कॅमेऱ्यावर जातं. नव्या गिऱ्हाइकाचा कॉल असला की मी स्वतःच कुंकवाची डबी मागते.