मुठीचं धान्य

आमच्या गल्लीतल्या राममंदिरात बायकांचं भजनी मंडळ होतं. सांगलीत तेव्हा अशी मंडळं पुष्कळ होती, पण आमच्या मंडळाला दानाचा फार तोरा. रोज सकाळी स्वयंपाकाचं धान्य काढलं की आधी एक मूठ रामाच्या नावानं चुलीशेजारच्या गाडग्यात टाकायची आणि पौर्णिमेला ते गाडगं देवळात नेऊन रिकामं करायचं. मग आम्ही बायका मंडपात बसून ज्वारी वेगळी, तांदूळ वेगळे, असं पाखडून निवडून ठेवायचो. त्यातलं निम्मं गरीब बाळंतिणींसाठी सूतिकागृहात जायचं आणि निम्मं गावाबाहेरच्या बोर्डिंगात. तिथं माण, खानापूरकडच्या कोरडवाहू गावांतली मुलं शिकायला राहात.

बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं आहेत हे मंडळाला ठाऊक होतं. पण कोरड्या शिध्याला विटाळ नाही, तो कुणालाही द्यावा, असं आमचं सोवळं शास्त्र. तिथं पंगती वेगवेगळ्या असतील असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. विचारलं मात्र कुणीच नव्हतं, कारण विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

लढाईचे दिवस होते. रेशनच्या दुकानात मिळेल ते धान्य डोळे मिटून घ्यायचं. अशात कुणीतरी पिल्लू सोडलं की बोर्डिंगवाले मुठीचं धान्य बाहेर विकतात. मंडळाच्या प्रमुख होत्या एक काकू, बालविधवा, शिस्तीच्या आणि शब्दाच्या पक्क्या. त्या म्हणाल्या, उगाच कुणावर आळ नको, कुणीतरी जाऊन डोळ्यांनी बघून या. मी चार बुकं शिकलेली, म्हणून मला धाडलं. सासूबाईंनीही परवानगी दिली. मला तर काय, सुनेला एकटीनं घराबाहेर पडायला मिळतंय याचाच आनंद!

उन्हातान्हाची चालत गेले. बोर्डिंग म्हणजे पत्र्याची एक लांब खोली आणि पुढं अंगण. चालवणारे गुरुजी शाळेत गेले होते. त्यांची बायको चुलीपुढं भाकरी थापत होती. माणदेशातली, उंच, काळीसावळी, कोपरापर्यंत पिठानं माखलेली. मी मंडळाकडून आले म्हटल्यावर तिनं कोठीचं दारच उघडून दिलं. आमची पोती तिथंच होती, आमच्याच दोरीनं बांधलेली. विकण्याबिकण्याचं नावसुद्धा नव्हतं. माझं काम तिथंच संपलं होतं, मी निघायला हवं होतं.

तेवढ्यात मुलं जेवायला आली आणि अंगणात एका ओळीत बसली. कोण कुठला, कुणाच्या शेजारी कोण, काही नाही. पाण्याचा डेरा एकच, तांब्याही एकच. मी बघत राहिले. ती म्हणाली, "आवं, उभ्या का? बसा की. भाकरी गरम हाय."

मी बसले. खोटं कशाला सांगू, मला कडकडून भूक लागली होती. आमच्या घरी सुनांची पंगत शेवटची, आणि तोवर आमटीचा नुसता रंग उरलेला असायचा. तिनं भाकरीवर झुणका वाढला, वर तेलाची धार सोडली. एक भाकरी संपली तशी न विचारता दुसरी टाकली. सासरी आल्यापासून माझ्या ताटात असं कुणी वाढलं नव्हतं. मी त्याच डेऱ्यातलं पाणी प्यायले आणि मला विटाळबिटाळ काहीएक वाटलं नाही. सुख वाटलं.

परतायला उशीर झाला. देवळात मंडळ वाट बघत होतं, सासूबाईही होत्या. मी म्हटलं, धान्य जागेवर आहे, एक दाणा विकलेला नाही. काकूंचा चेहरा खुलला. पण सासूबाईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "एवढा वेळ काय करत होतीस? तिथं काही खाल्लंबिल्लं नाहीस ना?"

नुसतं नाही म्हणून गप्प बसले असते तरी भागलं असतं. पण खोटं बोलणाऱ्याला एका शब्दावर थांबवत नाही. मी वर नाक करून म्हणाले, "छे! तिथं मी कशी खाईन? सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत बसतात, आणि पाण्याचा डेरासुद्धा एकच!"

जीभ झडली नाही माझी. आता कुणाला माहीत नाही असं म्हणायची सोय राहिली नव्हती. एकदोघींनी कोरड्या शिध्याची आठवण करून दिली, पण बाकीच्या म्हणाल्या, रामाच्या नावाची मूठ असल्या पंगतीला नको. शेवटी ठरलं की बोर्डिंगचा वाटा आता तालमीला द्यायचा. तालमीतल्या पैलवानांना आधीच तूप-बदाम घालणारे सावकार होते. मी ते ऐकलं आणि गप्प बसले. तेव्हा माझं वय लहान होतं असं कुणी माझ्या वतीनं म्हणू नये. एका मुलाची आई होते मी.

पुढच्या पौर्णिमेला गुरुजींची बायको रिकामी पोती घेऊन देवळाच्या पायरीपाशी आली. तिला कुणी कळवलंच नव्हतं. काकूंनी पंगतीचं कारण सांगून धान्य बंद झाल्याचं सांगितलं. ती म्हणाली, पावसाळ्यापर्यंत तरी द्या, पोरं निम्म्या पोटी ऱ्हायला लागली तर गावाकडं निघून जातील, मग शाळा सुटली ती सुटली. काकूंनी नाही म्हणून मान हलवली. मी सूप हातात धरून खांबाशी उभी होते. पंगतीचं कुणी सांगितलं असेल हे तिला मला बघताच कळलं असणार.

काकू शब्दाच्या पक्क्या, त्यामुळं चौकशी अर्धी सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. माझ्याकडे बोट करून त्यांनी तिला सगळ्यांसमोर विचारलं, "ही तुमच्याकडे आली होती, तेव्हा जेवली का?"

सासूबाईंनी हातातलं काम थांबवलं. एक शब्द तिनं काढला असता तर मला घराचं दार बंद झालं असतं, आणि तो शब्द काढायचा तिला पुरेपूर हक्क होता.

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "न्हाई बाई. म्या लय आग्रेव केला, पर त्यांनी पाण्याचा थेंबबी घेतला न्हाई."

काकू माझ्याकडे वळल्या. मी मान डोलावली.