बारशापर्यंत उसनं नाव

कामावरच्या क्रोएशियन मेकॅनिकनं मला सावरलं. कुणाचंही नाव ऐकलं की अर्थ विचारायचा आणि लगेच आपल्याकडची दोन सांगायची, ही त्याची खोड.

बाळ दिवस भरायच्या आधीच झालं, तेव्हा त्यानंच मला गाडीतून इथं आयर्लंडमधल्या पोर्टलीश गावच्या हॉस्पिटलात नेलं. इथल्या लोकांसारखं ‘ग्रँड होईल’, म्हणजे सगळं ठीक होईल, असं म्हणाला नाही, नावंच सांगत राहिला. आठवीत शाळा सुटलेल्या मला तेवढं इंग्रजी कळत होतं.

“वूक म्हणजे लांडगा. मूल दगावू नये म्हणून ठेवतात.”

“आमच्यात दगडू ठेवतात.”

“झिव्को म्हणजे जगणारा. बारशापर्यंत उसनं घे, भावा.”

काचेच्या पेटीपाशी बसून मी तेच पुटपुटत राहिलो. बाळ आता घरी आहे, बारसंही झालं.

त्या माणसावर अशी वेळ न येवो. आलीच, तर आमच्याकडचं दणकट नाव घेऊन मी धावत जाईन.