खड्डे भरणारे नाना

मैदानात पाऊल टाकण्याआधी नाना चपला काढून हातात घेत. नवा खेळाडू ते पाहून आपलेही बूट काढू लागे, वर मातीला हात लावून कपाळाला टेकवी. मग नाना करवादत, "अरे, देऊळ नाही हे! खड्डे शोधतोय मी. बूट घाल."

खड्डे मंडपाच्या मेखांचे असत. झाशीच्या ओरछा गेटबाहेरचं ते मैदान ना आमच्या मालकीचं, ना धड दुसऱ्या कुणाच्या. एरवी आमचा क्लब तिथे फुटबॉल खेळे आणि लग्नसराईत मोहल्ल्यातली लग्नं तिथेच लागत. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नाना मातीचं घमेलं घेऊन हजर. अनवाणी पायाला खड्डा लागला की माती टाकायची, टाचेने दाबायची, पुढे सरकायचं. खेळताना कुणाचा पाय मुरगळू नये, एवढ्यासाठी.

तंबूवाला बांबू गाडीवर चढवता चढवता म्हणे, "नानाजी, आप तो हमाए यहाँ नौकरी कर लो."

"तनखा क्या दोगे?"

"दोनों टैम खाना."

"वो तो कल तुम्हारे ही पंडाल में खा चुके."

गावागावात असा एखादा माणूस असतो. तुम्हीही पाहिला असेल. सगळे त्याला हसतात आणि त्याच्यावाचून कुणाचं चालत नाही.

क्लबचा इतिहास विचारला की नानांना चेव येई. छावणीतल्या गोऱ्या शिपायांचा खेळ पाहून त्यांच्या आजोबांच्या बरोबरीच्या मराठी पोरांनी हा क्लब काढला. कुणी कारकुनाचा मुलगा, कुणी देवळातल्या भटजींचा. पहिल्याच सामन्यात धोतराचा काचा सुटून आपला फुलबॅक पडला, हे ते अशा थाटात सांगत की जणू ट्रॉफी घरी आली होती.

"मग जिंकलं कोण, नाना?"

"छावणी. पण खेळलो ना!"

झाशी हॉकीचं गाव. कोपऱ्यावरचा पानवाला रोज विचारी, "नानाजी, आपकी टीम की हॉकियाँ चोरी हो गईं क्या?" नाना पान घेत आणि मैदानाकडे चालू लागत.

मैदानात मराठीत ओरडायचं, हा त्यांच्या आजोबांपासूनचा नियम. समोरच्या टीमला डाव कळू नये म्हणून. माझ्या वेळेपर्यंत अर्धी टीम बुंदेली मुलांची झाली होती. त्या पोरांनी मराठी चोख उचलली. "माघारी दे! डावीकडे मोकळा आहे!" असं विणकरांच्या कोरी गल्लीतला आमचा सेंटर हाफ खणखणीत ओरडे, आणि अस्सल मराठी घरातला आमचा पोरगा चेंडू पायात धरून विचारी, "क्या?" नाना कपाळावर हात मारून घेत.

जिल्ह्याच्या लीगमध्ये क्लबचं नाव लागावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. दरवर्षी अर्ज जाई आणि मैदानाच्या कारणावरून परत येई. लीग नाही म्हणून चांगला खेळाडू टिकत नसे. आम्ही त्याला शिकवायचं आणि दुसऱ्यांनी खेळवायचं. एकदा गरौठ्याला सामन्यासाठी निघालो तर बसमध्ये पुरती टीमच नव्हती. गरौठेकरांनी उदार होऊन आपली पोरं उसनी दिली. त्यांतल्या एकाने आपल्याच गावाचा गोल मोकळा दिसताच चेंडू थेट शेतात मारला. परतीच्या बसमध्ये मी संतापाने धुमसत होतो. नाना खिडकीशी बसून म्हणाले, "यंदा नाही तर पुढल्या वर्षी."

या वाक्याची मला चीड होती. मी बिजौलीच्या एका कारखान्यात कारकून आणि क्लबचा सेक्रेटरी. अर्ज मी लिहायचे, नकार मी वाचायचे, आणि यांनी दरवेळी तेच म्हणायचं.

मग एका वर्षी लीगने कळवलं की त्यांचे सदस्य रविवारी सकाळी मैदान पाहायला येतील. पसंत पडलं तर याच हंगामात प्रवेश. नानांनी गोलचे खांब स्वतः रंगवले. चुन्याच्या रेघा मारताना ते गुणगुणत होते, हे मी ऐकलं आहे.

आणि शनिवारी रात्री त्याच मैदानावर माझ्या मुलीचं लग्न होतं. तारीख आधीच ठरलेली, दुसरी जागा कुठेही मिळेना. मी नानांकडे गेलो. ते लगेच म्हणाले, "लग्न आधी. पोरीला काय सांगशील, मैदान रिकामं नाही म्हणून? फक्त उजाडताच मंडप उतरव." मी शब्द दिला.

लग्नात नानांनी पंगतीत मठ्ठा वाढला. सकाळी तंबूवाल्याची माणसं वेळेवर आली. पण ग्वाल्हेरहून आलेले माझे व्याही मंडपात खुर्ची टाकून बसले होते. "व्याहीबुवा, आणखी एकेक चहा होऊ द्या. घाई कसली?" तंबूवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मला फक्त "उठा" म्हणायचं होतं. व्याह्यांना फुटबॉलसाठी उठा म्हणायची मला लाज वाटली. मी तंबूवाल्याला हाताने थांबवलं. पलीकडे घमेलं घेऊन उभ्या असलेल्या नानांनी ते पाहिलं. ते जवळ आले नाहीत.

तेवढ्यात लीगवाल्यांची जीप आली. मैदानाच्या मध्यभागी भट्टी धुमसत होती, गोलच्या आडव्या खांबावर वऱ्हाडाच्या रजया वाळत होत्या. त्यांच्यातला मोठा म्हणाला, "ये मैदान है कि बारातघर? शादी किसकी है?"

मी हाकेच्या अंतरावर होतो. तोंड उघडलं नाही.

"हमारे ही घर की है, साहब," नाना म्हणाले. "नाश्ता करके जाइए."

त्यांनी पोहे खाल्ले, जिलबीची तारीफ केली आणि आमचं नाव कापून गेले.

मुलीला निरोप देऊन संध्याकाळी मैदानात गेलो तर नाना खड्डे भरत होते. मी दुसरं घमेलं उचललं. आता शिव्या बसतील, बसाव्यात, म्हणून वाट पाहत होतो. ते एवढंच म्हणाले, "तू तिकडून ये." आम्ही दोन टोकांकडून माती दाबत आलो आणि मध्ये भेटलो तेव्हाही ते काही बोलले नाहीत. पुढल्या वर्षाचंही नाही.

पुढल्या वर्षी मी अर्ज लिहून नानांकडे सहीसाठी नेला. "राहू दे," म्हणाले. मी पुष्कळ भांडलो. खरं तर त्यांनी माझ्याशी भांडावं म्हणून मी भांडत होतो. नंतर मैदानावर प्लॉट पडले आणि भांडायलाही काही उरलं नाही.

नानांचा मुलगा त्यांना इंदूरला घेऊन निघाला तेव्हा जुनी टीम स्टेशनवर गेली होती. माफी मागायची असं ठरवूनच मी गेलो होतो. मी "नाना" म्हटलं, तर त्यांनीच विचारलं, "मुलगी कशी आहे रे? सुखात आहे ना?" मी मान हलवली आणि माझे शब्द तिथेच राहिले.

गाडी हलली. आम्ही सगळे हात हलवत होतो. नानांचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. ते पलीकडच्या खिडकीतून पाहत होते. रुळांपलीकडच्या मोकळ्या जागेत काही पोरं एका चेंडूभोवती घोळका करून धावत होती. नानांनी खिडकीबाहेर हात काढला आणि त्या पोरांना खूण केली: पसरा, पसरून खेळा. पोरांनी पाहिलं नाही. गाडी पलीकडे वळून दिसेनाशी होईपर्यंत तो हात बाहेर होता.