आमच्या संगणकाचं बारसं

मरणाच्या दारातून परत आणता येणार नाही असा एकही संगणक या जगात नाही, असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले, पूर्णेत घर बांधून राहिले आणि सगळ्या सोयऱ्यांचे थकलेभागले संगणक घरी आणू लागले. औषध एकच. पडदा काळा पडो नाहीतर नुसताच पंखा घरघरो, ते चष्मा कपाळावर ढकलून म्हणणार, "सगळं पुसा आन् नवी विंडो मारा." एकदा त्यांच्या बायकोने मिक्सर बंद पडल्याचं सांगितलं, तर तंद्रीतच त्यांनी विचारलं, "शेवटची विंडो कवा मारली व्हती?"

नवी विंडो बसताना पडद्यावरची पट्टी सरकू लागली की घरात गाडी येत असल्यासारखा कारभार सुरू होतो. लाइट जायला नको म्हणून पाण्याची मोटार बंद, मिक्सर बंद, चटणी खलबत्त्यात. पट्टी मध्येच अडकली तर आपला धीर सुटतो, साडूंचा नाही. ते खुर्चीवर मांडी घालून म्हणतात, "आउटर सिग्नलला उभी हाय. येईल." बहुतेक वेळा ती येतेही.

पण त्यांचा खरा हट्ट पुढेच आहे. सगळं बसत आलं की पडद्यावर एक चौकट संगणकाचं नाव विचारते. आपण तिथे काहीतरी खरडून पुढे जातो. साडूंचं म्हणणं, सगळं पुसून नवा जीव आला, तर रीतसर बारसं नको का? आणि नाव ठेवायचा मान आत्याचा. म्हणून चुडाव्याहून त्यांची थोरली बहीण, आम्हा सगळ्यांची अक्का, घुगऱ्यांचा डबा घेऊन पॅसेंजरने येते. सीपीयू पाटावर बसतो, त्याला हळदकुंकू लागतं आणि अक्का मागच्या पंख्याच्या जाळीला तोंड लावून 'कुर्रर्र' करते. संगणकाचा कान तिथे असतो हे साडूंनी ठरवलंय. मग बायका रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घालतात आणि साडू एका बोटाने नाव टाइप करतात. सोयऱ्यांच्या घरी अशा सगुणा, दामिनी नांदताहेत. एक बाळकृष्ण तर फोटोच्या दुकानात नोकरीला आहे.

गेल्या उन्हाळ्यात माझा अकरा वर्षांचा संगणक मांडीवर घेऊन मी जिंतूरहून एसटीने निघालो. हा चालू झाला नाही तर भंगारवाल्याला द्यायचा, असं बायकोने बजावलं होतं. त्यातलं लिखाण मी पेनड्राइव्हवर काढून घेतलं होतं, पण जीव त्या खोक्यातच अडकला होता. पट्टी दोनदा अडकली, तिसऱ्या खेपेला सरकली. दुपार टळली. अक्का ओसरीवर वाट बघत होती. साडू तिला चहा द्यायला गेले आणि नेमकी तेव्हाच ती चौकट आली. संगणक जगला या आनंदात मी 'जिंतूर-१' असं टाकून बटण दाबलं.

साडू परत आले, चष्मा डोळ्यांवर ओढून त्यांनी पडदा वाचला. "नाव पडलं का?" त्यांनी विचारलं.

"दादा, नाव नंतर बदलता येतं की."

"नाव बदलतंय, पाव्हणं. पण नाव पडलेल्या लेकराचं बारसं होत न्हाई." आणि त्यांनी चालू झालेला संगणक पुन्हा पुसायला घेतला.

पुन्हा उठला नाही तर? "अक्काची गाडी जाईल," मी म्हणून पाहिलं.

"जाऊ द्या. ऱ्हाईल आज."

मी ओसरीवर जाऊन अक्काची माफी मागितली. ती हसली. "राग कशाचा बाबा? भावाला लेकरू झालं असतं तर एखादंदुसरं नाव ठेवायला भेटलं असतं. आता हे नववं हाय."

साडूंना मूल नाही हे मला लग्नापासून ठाऊक होतं. पण ते आणि ही बारशी मी कधी जोडून पाहिली नव्हती. इतकी वर्षं मी त्यांना चक्रम म्हणून हसत आलो, याची मला त्या ओसरीवर फार लाज वाटली.

दिवेलागणीला पट्टी कुठेही न अडकता शेवटाला पोचली. "लाइन क्लिअर," साडूंनी आतून हाक दिली. अक्काने जाळीला तोंड लावलं. धपाटे घालायला साडूंची बायको एकटीच, म्हणून अक्काच्या पाठीत एक धपाटा मीही घातला. नाव निघालं, आनंदी.

आनंदी अजून चालते. अक्काचे गुडघे मात्र आता फार दुखतात, काम निघाल्याशिवाय ती चुडावा सोडत नाही. परवा मी साडूंना फोन लावला. "दादा, संगणक लय अडकायलाय."

"रविवारी घेऊन या," त्यांचा आवाज एकदम खुलला. "मी अक्काला घुगऱ्या भिजवायला सांगतो."

हे सगळं मी आनंदीवरच लिहितो आहे. तिला काहीही झालेलं नाही.