करंजाच्या ढोलीतला वाळा

गेल्या वर्षी वाडीला गेलो होतो, नृसिंहवाडीला, आम्ही तिघी. त्या दिवशी नेमकी अमावास्या... आज नातीचा पहिला वाढदिवस. घरात केक आलाय, फुगे लागलेत आणि माझं मन मात्र सकाळपासून त्या नदीकाठी जातंय. म्हणून लिहून टाकते. चौथी शिकलेली मी, एका बोटानं टाइप करते, चुका पोटात घाला.

तिघी म्हणजे मी, आमच्या गल्लीतल्या रिटायर शिक्षिका कमलताई आणि गंगाक्का. गंगाक्काचं माहेर निपाणीकडं, घाबरली की तिला आधी कानडीच सुचतं. कमलताईंच्या मुलानं परदेशातून एक मशीन पाठवलं होतं, मोबाईलएवढं. त्यात बाण दिसतो आणि अजून किती फूट राहिलं ते.

खेळ असा... कुणीतरी कुठंतरी डबा लपवतं आणि ती जागा इंटरनेटवर टाकतं. बाण दाखवेल तिकडं जायचं, डबा हुडकायचा, आतल्या वहीत आपलं नाव लिहायचं. आतली एखादी वस्तू घेतली तर आपली एक ठेवायची. गंगाक्का म्हणायची, "नातवंडं बघायच्या वयात आम्ही लपाछपी खेळायलोय." पण चालताना सगळ्यात पुढं तीच.

दर्शन झालं, कवठाच्या बर्फीचा बॉक्स घेतला. (बर्फी चांगलीच असते, पण हल्ली कवठ कमी लागतं तिच्यात... असो.) बाणानं आम्हाला उसाच्या कडेनं नदीकाठी नेलं. भर दुपार, पण वाटेवर एक माणूस नाही. उसाचं पान हलत नव्हतं, आमच्या चपला तेवढ्या वाजत होत्या.

मशीननं शंभर फूट दाखवलं आणि बाण गोल फिरायला लागला. कमलताई म्हणाल्या, दाट झाडीत असं होतं. तेवढ्यात मला एका करंजाच्या ढोलीत स्टीलचा डबा दिसला... मी आधी हुडकला म्हणून किती मिरवले.

डब्याला झाकण नव्हतं. आत दोन बारक्या हिरव्या बांगड्या, लाल रिबीन, चार बत्तासे आणि तान्ह्या बाळाचा चांदीचा वाळा. एकच. बुंध्यावरून मुंग्यांची रांग चालली होती, पण बत्ताशांना एक मुंगी नाही. तेव्हा ते नुसतं दिसलं, डोक्यात शिरलं नाही.

वाळा मी उचलला. घरात सून आठव्या महिन्यात होती. आधीची दोन राहिली नव्हती... म्हणून घरात कुणी दुपटं शिवायचंसुद्धा नाव काढत नव्हतं. मला वाटलं, हा शकुन. केसातली पिन काढून मी डब्यात ठेवली. वही काही सापडेना, तेव्हा कमलताईंनी बर्फीच्या बॉक्सच्या कागदावर तिघींची नावं लिहिली, गावासकट, आणि आत टाकली.

निघालो तर बाण सरळ झाला... आणि पुढं जा म्हणायला लागला. तीसेक पावलांवर दगडांच्या फटीत एक प्लॅस्टिकचा डबा. आत वही, पेन्सिल, कितीतरी इंग्रजी नावं.

मग गंगाक्का हळू म्हणाली, "यव्वा... मग आपली नावं कुणाच्या डब्यात घातली गं?"

आमच्याकडं अवसेला ओवाळून टाकलेली वस्तू कुणी ओलांडत नाही. आणि मी ती पदराच्या गाठीत बांधून पोटुशी सुनेपर्यंत न्यायला निघाले होते. जन्मभर पोरांना भूत नसतं म्हणून शिकवलेल्या कमलताई म्हणाल्या, "शालन, ठेवून ये. आत्ताच."

परत गेलो तर करंजाखाली एक बाई बसली होती. आम्ही तीसच पावलं गेलो होतो, पण कुणी आल्याची चाहूल लागली नव्हती. मांडीवर डबा, बोटांत माझी पिन. आमच्याकडं न बघताच म्हणाली, "आज न्हेला तिनं वाळा."

"कुणी?" गंगाक्कानं विचारलं.

"माझ्या पोरीनं. नदीनं न्हेली तवा वरसाची बी न्हवती. दर अवसेला खाऊ ठेवतो मी, कधी शिवली न्हाई. आज वाळा न्हेला, मला पिन ठिवली. चिठ्ठी बी लिवलीया... वाचा की पावणं, मला येत न्हाई."

कागद कमलताईंच्या हातात दिला. त्यांनी कागदावरची नजर उचलून माझ्याकडं बघितलं. खोटं काहीतरी वाचलं असतं तर बाई सुखानं घरी गेली असती. पण वाळा माझ्या गाठीत होता, आणि सुनेचं पोट माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

मी गाठ सोडली. "बाई, मी उचलला. आम्हाला तो खेळातला डबा वाटला. चुकलं माझं."

ती वाळ्याकडं बघत राहिली. हात काही पुढं केला नाही. मग म्हणाली, "घरात कोण अवघडलेलं हाय?"

सुनेबद्दल मी एक शब्द काढला नव्हता. "सून," म्हटलं.

"मग तिनंच न्हेला की, तुमच्या हातनं. असू दे. दुसरा माझ्यापाशी हाय, जोडी फुटायची न्हाई." आणि कमलताईंच्या हातातला कागद घेऊन तिनं परत डब्यात ठेवला, माझी पिन स्वतःच्या अंबाड्यात खोचली.

गंगाक्कानं बर्फीचा आख्खा बॉक्स तिच्या ओटीत ठेवला आणि आम्हाला बजावलं, "वळून बघायचं न्हाई." एस्टीत बसेपर्यंत आम्ही वळलो नाही. म्हणून ती मागं बसून होती की नव्हती, मला सांगता येणार नाही.

महिन्यानं नात झाली, धडधाकट. सूनबाई, हे तुला आज इथंच कळतंय, रागावू नकोस गं.

सोनाराकडून जोडीचा दुसरा वाळा करून आणला. नात तो काढून फेकते... प्रत्येक वेळी नवाच. जुन्याला हात लावत नाही. आता मी घालायचं सोडलं. एका पायात वाळा घालून भिंतीला धरून चालते, एक पाऊल वाजतं, एक वाजत नाही.

त्या बाईचं नाव विचारायचं राहूनच गेलं. आमची तिघींची मात्र तिच्या डब्यात आहेत, गावासकट. आधी त्याचीच भीती वाटायची... आता वाटतं, बरं झालं. तिच्या पोरीला घर तरी माहीत असावं.